एडमुंड हुसेर्ल : आरंभाच्या शोधातील एक जीवन

मराठी साहित्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात एडमुंड हुसेर्ल हे नाव बहुधा एखाद्या उपप्रकरणाच्या आरंभी येते. वाचककेंद्री समीक्षेची किंवा रोमान इंगार्डनच्या साहित्यविचाराची पार्श्वभूमी म्हणून त्याचा उल्लेख होतो, 'कंसात टाकणे' एवढी एक संज्ञा विद्यार्थी टिपून घेतो आणि विवेचन पुढे सरकते. त्यामुळे ही संज्ञा ज्या प्रदीर्घ आणि कष्टप्रद विचारप्रवासातून निर्माण झाली तो प्रवास अज्ञातच राहतो. गणिताचा एक विद्यार्थी संख्येच्या पायाचा शोध घेता घेता सर्व ज्ञानाच्या पायापर्यंत कसा गेला, तेथेही त्याचे समाधान का झाले नाही, आणि आयुष्याच्या अखेरीस सर्व बाजूंनी कोंडला गेला असतानाही त्याने पुन्हा आरंभापासून लिहावयास का घेतले, हे समजल्याशिवाय त्याच्या पद्धतीचे मर्म कळत नाही, अशी प्रस्तुत लेखकाची धारणा आहे. म्हणून येथे त्याचे चरित्र आणि त्याची पद्धती यांचा एकत्र विचार केला आहे.

प्रारंभी परिभाषेविषयी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. 'फिनॉमेनॉलॉजी' या संज्ञेसाठी प्रस्तुत लेखात 'प्रतिभासमीमांसा' हा शब्द योजला आहे. 'प्रतिभास' या शब्दाला आपल्याकडे 'भासमान, म्हणून खोटे' अशी छटा सहज चिकटते. ती येथे अभिप्रेत नाही. जे जाणिवेला प्रतीत होते ते, आणि ते जसे प्रतीत होते तसे, एवढाच अर्थ घ्यावयाचा आहे.

१

हुसेर्लचा जन्म ८ एप्रिल १८५९ रोजी मोराव्हियातील प्रोस्निट्झ या गावी झाला. हे गाव तेव्हा ऑस्ट्रियन साम्राज्यात होते; आज ते प्रोस्तेयॉव या नावाने चेक प्रजासत्ताकात आहे. वडील कापडाचे व्यापारी होते आणि कुटुंब ज्यू असले तरी भाषेने व संस्काराने जर्मन वळणाचे होते. चार भावंडांत एडमुंड दुसरा. त्याच्या बालपणाविषयी एक आठवण सांगितली जाते. भेट मिळालेल्या चाकूला पुरेशी धार नाही असे वाटून तो ते पाते घासत राहिला. धार अधिकाधिक तीक्ष्ण होत गेली आणि पाते मात्र झिजत झिजत नाहीसे होत आले. उतारवयात हुसेर्लने ही आठवण काहीशा खिन्नतेने सांगितली होती, असे म्हणतात. त्याच्या पुढील लेखनाशी परिचय असणाऱ्यास या आठवणीचा अर्थ सांगावा लागत नाही.

ओल्म्युट्झ येथील शालेय शिक्षण १८७६ मध्ये पूर्ण करून तो लाइपझिग विद्यापीठात गेला. तेथे खगोलशास्त्र, गणित आणि पदार्थविज्ञान हे त्याचे मुख्य विषय होते. विल्हेल्म वुंट याची तत्त्वज्ञानावरील व्याख्याने त्याने ऐकली. पण त्याहून महत्त्वाचा ठरला तो टोमास मासारिक या मोराव्हियातीलच तरुणाचा सहवास. पुढे १९१८ मध्ये चेकोस्लोव्हाकियाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झालेला मासारिक तो हाच. फ्रान्झ ब्रेंटानो या अध्यापकाकडे त्याने हुसेर्लचे लक्ष वेधले. मात्र त्याआधी १८७८ ते १८८१ या काळात हुसेर्ल बर्लिनला होता आणि तेथे कार्ल वायरश्ट्रास व लेओपोल्ड क्रोनेकर या श्रेष्ठ गणितज्ञांच्या हाताखाली शिकला. कलनशास्त्रातील संदिग्ध, अंतःप्रेरणेवर विसंबलेल्या कल्पनांना वायरश्ट्रासने काटेकोर व्याख्यांचा आधार दिला होता. पायाशुद्ध ज्ञानाची जी ओढ हुसेर्लच्या ठायी आयुष्यभर दिसते, तिचा पहिला संस्कार या वर्गात झाला असे म्हणावयास हरकत नाही. १८८३ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठाने त्याला विचरण-कलनावरील प्रबंधासाठी डॉक्टरेट दिली आणि काही काळ तो वायरश्ट्रासचा साहाय्यक झाला.

गणितज्ञ म्हणून त्याचा मार्ग आखलेला होता. तो बदलला १८८४ ते १८८६ या दोन वर्षांत, ब्रेंटानोच्या व्याख्यानांमुळे. तत्त्वज्ञान हे विज्ञानाइतक्याच गांभीर्याने करता येते हा विश्वास त्याला येथे लाभला. ब्रेंटानोची मध्यवर्ती कल्पना अशी की, मानसिक व्यापार सदैव कशाच्या तरी संबंधात असतो. पाहणे म्हणजे काहीतरी पाहणे, आठवणे म्हणजे काहीतरी आठवणे, इच्छा म्हणजे कशाची तरी इच्छा. या विषयोन्मुखतेच्या कल्पनेतूनच पुढे प्रतिभासमीमांसा उभी राहिली.

ब्रेंटानोच्या सल्ल्याने हुसेर्ल हाले येथे कार्ल श्टुंफ याच्याकडे गेला. याच सुमारास त्याने प्रॉटेस्टंट पंथाची दीक्षा घेतली आणि १८८७ मध्ये माल्व्हिने श्टाइनश्नायडर हिच्याशी त्याचा विवाह झाला. त्याच वर्षी संख्यासंकल्पनेवरील प्रबंधाने त्याला अध्यापनाचा अधिकार मिळवून दिला. अनंत संचांच्या सिद्धान्ताचा जनक गेओर्ग कांटोर हा त्याच्या परीक्षकांपैकी एक होता.

२

हाले येथील चौदा वर्षे हुसेर्लने वेतनाची शाश्वती नसलेला अध्यापक म्हणून काढली. तीन अपत्यांचा संसार, अनिश्चित भवितव्य आणि स्वतःच्या कुवतीविषयी सतत पोखरणारी शंका असा हा काळ होता. १८९१ मध्ये त्याचा 'अंकगणिताचे तत्त्वज्ञान' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो ब्रेंटानोला अर्पण केलेला होता. वस्तू एकत्र धरण्याची जी मानसिक क्रिया आपण करतो, तीवर चिंतन केल्याने संख्येच्या संकल्पनेचा उगम कळतो, असे त्याचे प्रतिपादन होते. ग्रंथ पहिला खंड म्हणून निघाला. दुसरा खंड कधीच निघाला नाही.

१८९४ मध्ये गोट्लोब फ्रेगे याने या ग्रंथाचे कठोर परीक्षण केले. संख्या ही मनातील कल्पना असेल तर प्रत्येकाची संख्या निराळी होईल आणि गणिताची वस्तुनिष्ठता लयाला जाईल, हा त्याच्या आक्षेपाचा गाभा होता. फ्रेगेच्या या टीकेमुळे हुसेर्लचे मतपरिवर्तन झाले, असे पाठ्यपुस्तकांतून दीर्घकाळ सांगितले गेले. या समजुतीला साधार हरकत घेणारा प्रमुख अभ्यासक भारतीय होता, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे. जितेंद्रनाथ मोहंती यांनी हुसेर्ल आणि फ्रेगे यांच्यावरील १९८२ च्या ग्रंथात असे दाखविले की, मानसिक कल्पना आणि वस्तुनिष्ठ अर्थ यांतील भेद हुसेर्लच्या १८९१ च्या लेखनातच उमटू लागला होता. म्हणजे बदलाचे बीज त्याच्या स्वतःच्या असमाधानात होते. सर्व अभ्यासकांनी हे मत मान्य केले आहे असे नाही. परंतु हुसेर्लच्या स्वभावाशी ते अधिक सुसंगत आहे.

या असमाधानाचे फळ म्हणजे १९००-१९०१ मध्ये दोन खंडांत निघालेला 'तर्कशास्त्रीय अन्वेषणे' हा ग्रंथ. पहिल्या खंडात मानसशास्त्रवादाचे खंडन आहे. तर्कशास्त्राचे नियम म्हणजे मन कसे चालते याविषयीचे अनुभवजन्य नियम, असे मानले तर ते केवळ संभाव्य ठरतील. परंतु दोन परस्परविरोधी विधाने एकाच वेळी सत्य असू शकत नाहीत, हा नियम संभाव्य नाही. माणसाच्या मेंदूची घडण बदलली तरी तो बदलणार नाही. विचार करण्याची क्रिया काळात घडते. तिच्यात जे विचारिले जाते त्याचे सत्य काळावर अवलंबून नसते. दुसऱ्या खंडातील सहा अन्वेषणांत मात्र हुसेर्ल पुन्हा जाणिवेकडे वळला. अनेकांना ही माघार वाटली. वस्तुतः त्याचा प्रश्न पुढचा होता. अर्थ आणि सत्य जर मनाच्या घडामोडींहून स्वतंत्र असतील, तर काळात घडणाऱ्या, नश्वर, वैयक्तिक अशा जाणिवेला ते गवसतात कसे? या प्रश्नाने त्याला अखेरपर्यंत सोडले नाही.

३

या ग्रंथाच्या बळावर १९०१ मध्ये त्याला ग्योटिंगेन येथे असाधारण प्राध्यापकाचे पद मिळाले. म्युनिकमधील तरुण अभ्यासकांचा गट त्याच्याकडे आकृष्ट झाला. आडोल्फ राइनाख, हेडविग कोनराड-मार्टियस, रोमान इंगार्डन, एडिथ श्टाइन अशी एकेक मंडळी येत गेली. विद्यापीठातील सहकाऱ्यांचे मत मात्र निराळे होते. १९०५ मध्ये त्याला पूर्ण प्राध्यापक करण्याच्या शासकीय प्रस्तावास विभागाने विरोध केला. पुढील वर्षी शासनाने त्याला व्यक्तिशः ती पदवी दिली. वयाची पंचेचाळिशी उलटलेल्या माणसाला हा अव्हेर जिव्हारी लागला. सप्टेंबर १९०६ मधील त्याच्या टिपणांतून दिसते ते असे, की बुद्धीच्या सामर्थ्याची आणि मर्यादांची स्वतःपुरती स्पष्ट मीमांसा केल्याखेरीज आपण सत्यनिष्ठेने जगूच शकणार नाही, अशी त्याची भावना झाली होती. पद्धतीचा प्रश्न त्याच्यापुरता जगण्याचा प्रश्न झाला होता.

१९०५ च्या उन्हाळ्यात टिरोलमधील झेफेल्ड येथे सुटीत लिहिलेल्या टिपणांत आणि १९०७ च्या वसंतात दिलेल्या पाच व्याख्यानांत त्याची नवी पद्धती आकाराला आली. १९१३ मध्ये त्याच्याच संपादनाखाली सुरू झालेल्या वार्षिकाच्या पहिल्या अंकात 'शुद्ध प्रतिभासमीमांसेविषयीच्या कल्पना' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि पद्धतीचे पूर्ण विवेचन प्रथमच लोकांपुढे आले.

ही पद्धती थोडक्यात अशी. आपण दैनंदिन व्यवहारात ज्या भूमिकेवर उभे असतो तिला हुसेर्ल नैसर्गिक वृत्ती म्हणतो. जग आहे, ते माझ्या आधीपासून आहे, मी त्यातील एक आहे, हे आपण कधी विधान म्हणून मांडत नाही. ते गृहीतच असते. विज्ञानेही हे गृहीत धरूनच चालतात. या गृहीतावर निर्णय देण्याचे स्थगित ठेवणे म्हणजे एपोखे. येथे दोन गैरसमज टाळले पाहिजेत. देकार्तप्रमाणे हुसेर्ल जगाविषयी शंका घेत नाही. आपल्या वर्गांत अनेकदा समजाविले जाते तसा तो मायावादही नाही. जग मिथ्या आहे असे येथे म्हणावयाचे नसते. कंसात टाकण्याची उपमा गणिताच्या जाणकाराची आहे. कंसातील पद पुसले जात नाही, ते अक्षरशः तसेच राहते. फक्त त्याच्याशी आपला व्यवहार बदलतो. 'जग आहे' हा विश्वास आता मी वापरीत नाही, त्याच्याकडे पाहतो.

या स्थगितीनंतरची दुसरी पायरी प्रत्यानयनाची, म्हणजे मागे घेऊन जाण्याची. वस्तूपासून मागे येऊन ती वस्तू ज्या जाणिवेत अर्थपूर्ण ठरते त्या जाणिवेच्या रचनेकडे आपण जातो. रस्त्यावरून एखादा वाडा पाहिला तर प्रत्यक्षात दिसते ती केवळ दर्शनी भिंत. तरीही मी भिंत पाहिली असे म्हणत नाही, वाडा पाहिला असे म्हणतो. न दिसणारा चौक, मागचे दार, वरचा माळा हे सारे अपेक्षेच्या रूपाने त्या पाहण्यात सामावलेले असते. आत गेल्यावर ती अपेक्षा पुरी होते किंवा, दर्शनी भिंतीमागे केवळ पडझड असेल तर, भंगते. वस्तू ही अशा प्रकारे अनेक दर्शनांतून एक म्हणून घडत जाते. पाहण्याची क्रिया आणि तिच्यात पाहिले गेलेले ते, यांचा हा नियत परस्परसंबंध तपासणे हे प्रतिभासमीमांसेचे कार्य होय. त्याच्या जोडीस सत्त्वदर्शनाची रीत येते. एखाद्या उदाहरणात कल्पनेने मनमुराद बदल करीत जावे आणि काय बदलले असता ती वस्तू ती राहत नाही हे पाहावे. जे बदलता येत नाही ते तिचे सत्त्व. अनुभव शक्य होण्याच्या अटी अनुभवणाऱ्या जाणिवेत शोधल्या जातात, म्हणून हा मार्ग कांटच्या अर्थाच्या जवळ जाणारा, ट्रान्सेंडेंटल म्हणविला जातो. मात्र कांट अशा अटींचे अनुमान करतो. हुसेर्लचा आग्रह असा की त्या पाहता आल्या पाहिजेत.

ग्योटिंगेनमधील बहुतेक शिष्यांना हे वळण मानवले नाही. गुरूने वस्तूंकडे जाण्याची हाक दिली म्हणून ते आले होते, आणि आता गुरूच जाणिवेकडे परतत होता. इंगार्डनने या मतभेदावर पुढे आयुष्यभर विचार केला. त्याचा 'साहित्यकृती' हा १९३१ चा ग्रंथ या वादातूनच उद्भवला. केवळ मानसिक नव्हे आणि भौतिकही नव्हे, वाक्यांच्या अर्थावर आणि वाचकाच्या जाणिवेवर अवलंबून असणारी साहित्यकृती ही कोणत्या प्रकारची वस्तू, हे ठरविले तर गुरूच्या विज्ञानवादाची कसोटी लागेल, असा त्याचा हेतू होता. साहित्यकृतीतील अनिश्चित जागा वाचक भरतो, ही आपल्याला परिचित असलेली कल्पना अशा रीतीने एका सत्ताशास्त्रीय वादाचे उपफळ आहे.

४

१९१६ मध्ये हुसेर्ल फ्रायबुर्ग येथे हाइनरिख रिकर्ट याच्या जागी आला. तेव्हा महायुद्ध सुरू होते. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये त्याचा धाकटा मुलगा व्होल्फगांग व्हेर्दंच्या रणभूमीवर मारला गेला. थोरला गेरहार्ट जखमी झाला. पुढील वर्षी लाडका शिष्य राइनाख फ्लँडर्समध्ये कामी आला. हुसेर्ल स्वतः जर्मन राष्ट्रभावनेने भारलेला होता. १९१७-१८ मध्ये त्याने फिश्टेच्या मानवतेच्या आदर्शावर सैनिकांसमोर व्याख्याने दिली. पुत्रशोक आणि पराभव यांनंतर त्याच्या लेखनात संस्कृतीच्या नवनिर्मितीचा प्रश्न येऊ लागला, तो याच अनुभवातून.

एडिथ श्टाइन ही १९१६ ते १९१८ या काळात त्याची साहाय्यक होती. लघुलिपीत लिहिलेल्या, सतत बदलल्या जाणाऱ्या हस्तलिखितांतून तिने सलग ग्रंथ सिद्ध केले. हुसेर्ल मात्र ते वाचून मान्यता देण्याऐवजी नव्याने लिहिण्यास बसे. विद्यापीठात अध्यापनाचा अधिकार मिळविण्याचे तिचे प्रयत्न, ती स्त्री असल्याने, निष्फळ ठरले. १९४२ मध्ये आउश्विट्झ येथे तिची हत्या झाली. आंतरिक कालजाणिवेवरील जी व्याख्याने तिने सिद्ध केली होती, ती १९२८ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा मुखपृष्ठावर संपादक म्हणून मार्टिन हायडेगरचे नाव होते.

ही व्याख्याने साहित्याच्या अभ्यासकांनी मुळातून वाचावीत अशी आहेत. हुसेर्लने सुरावटीचे उदाहरण घेतले आहे. आपल्याला ते मराठी वाक्यावरूनही समजेल. आपल्या वाक्यात क्रियापद सामान्यतः शेवटी येते. ते येईपर्यंत कर्ता आणि कर्म श्रोत्याने धरून ठेवलेले असतात आणि येणाऱ्या क्रियापदाची अपेक्षाही तो बाळगून असतो. हे धरून ठेवणे म्हणजे आठवणे नव्हे. आठवण्यासाठी आधी ते निसटावे लागते. वर्तमान क्षण हा बिंदू नसून नुकत्याच सरलेल्याची धारणा आणि येऊ घातलेल्याची अपेक्षा यांनी विणलेला असतो. असे नसते तर आपल्याला शब्द ऐकू आले असते, वाक्य ऐकू आले नसते.

हायडेगर १९१९ ते १९२३ या काळात हुसेर्लचा साहाय्यक होता. त्याच्यावर हुसेर्लने पुत्रवत विश्वास टाकला. 'अस्तित्व आणि काल' हा हायडेगरचा ग्रंथ १९२७ मध्ये हुसेर्लच्याच वार्षिकातून प्रसिद्ध झाला. अर्पणपत्रिकेवर ८ एप्रिल १९२६ ही तारीख, म्हणजे गुरूचा जन्मदिवस होता. १९२८ मध्ये निवृत्त होताना हुसेर्लने आपल्या जागी त्याचीच शिफारस केली. परंतु त्याआधीच, १९२७ मध्ये, ब्रिटानिका विश्वकोशासाठी प्रतिभासमीमांसेवरील नोंद दोघांनी मिळून लिहिण्याचा प्रयत्न फसला होता. जगाला कंसात टाकणाऱ्या जाणिवेचे स्वतःचे असणे कोणत्या प्रकारचे, हा हायडेगरचा प्रश्न होता, आणि तो सहज बाजूला सारावा असा नव्हता. १९२९ मध्ये हुसेर्लने शिष्याचा ग्रंथ बारकाईने वाचला आणि आपल्या कार्याचा वारस म्हणून ज्याला निवडले तो निराळ्याच वाटेने गेला आहे, हे त्याला उमगले. १९३१ मधील व्याख्यानांत त्याने हा मतभेद जाहीरपणे मांडला.

याच काळात 'आकारिक आणि ट्रान्सेंडेंटल तर्कशास्त्र' हा ग्रंथ आणि पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठातील व्याख्याने, दोन्ही १९२९ मधील, त्याने सिद्ध केली. पॅरिसची व्याख्याने विस्तारित रूपात 'कार्टेझियन चिंतने' म्हणून १९३१ मध्ये प्रथम फ्रेंचमध्ये निघाली. अनुवादकांपैकी एक एमान्युएल लेव्हिनास होता. त्यातील पाचव्या चिंतनात सर्वांत अवघड प्रश्न येतो. सर्व अर्थ माझ्या जाणिवेत घडत असतील, तर दुसरा माणूस हा माझ्याच जाणिवेतील एक अर्थ ठरत नाही काय? दुसऱ्याची जाणीव मला कधीच प्रत्यक्ष मिळत नाही आणि ती मिळत नाही म्हणूनच तो दुसरा असतो, असे हुसेर्लचे उत्तर आहे. ते पुरेसे आहे की नाही याविषयी वाद आहेत. परंतु वस्तुनिष्ठ जग म्हणजे अनेकांना सामाईक असलेले जग, ही त्यातील जाणीव पुढील काळात फलदायी ठरली.

५

एप्रिल १९३३ मध्ये बाडेन प्रांतातील आदेशानुसार ज्यू वंशाच्या शासकीय सेवकांना दूर करण्यात आले. १४ एप्रिल रोजी, निवृत्त असलेल्या हुसेर्ललाही सक्तीच्या रजेचे पत्र मिळाले. कील विद्यापीठात कायद्याचा प्राध्यापक असलेल्या, युद्धात जखमी झालेल्या गेरहार्टचीही तीच गत झाली. एका आठवड्याने हायडेगर फ्रायबुर्ग विद्यापीठाचा रेक्टर निवडला गेला आणि १ मे रोजी त्याने नाझी पक्षात प्रवेश केला. हायडेगरने आपल्या गुरूला ग्रंथालयाची दारे बंद केली, ही प्रचलित कथा पुराव्याने सिद्ध होत नाही. सिद्ध आहे ते एवढेच, आणि तेही थोडे नाही: त्याने संबंध तुटू दिले, अंत्यसंस्कारास तो आला नाही आणि १९४१ च्या आवृत्तीत अर्पणपत्रिका छापली गेली नाही.

हुसेर्लची रजा काही महिन्यांनी रद्द झाली, पण पुढे अध्यापनाचा अधिकारही काढून घेण्यात आला. लॉस एंजेलिसहून आलेले निमंत्रण त्याने नाकारले. जर्मनीत प्रकाशनाची आणि व्याख्यानांची दारे बंद झाली होती. अशा स्थितीत, पंचाहत्तरी उलटल्यावर, त्याने पुन्हा एकदा प्रतिभासमीमांसेची प्रस्तावना लिहावयास घेतली. मे १९३५ मध्ये व्हिएन्ना येथे आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये प्राग येथे दिलेली व्याख्याने हा तिचा आधार. 'युरोपीय विज्ञानांचे अरिष्ट आणि ट्रान्सेंडेंटल प्रतिभासमीमांसा' या ग्रंथाचे पहिले दोन भाग बेलग्रेडच्या एका नियतकालिकात छापले गेले, कारण जर्मनीत ते छापणे शक्य नव्हते.

अरिष्ट आहे ते विज्ञानाच्या यशाचे नव्हे, अर्थाचे, असे त्याचे निदान आहे. गॅलिलिओने निसर्गाला गणिताचा पोशाख चढविला. कालांतराने पोशाखालाच देह समजले गेले. ज्या जीवनविश्वात आपण वावरतो, मोजमाप करण्याची गरज जेथे प्रथम उद्भवते, ते विज्ञानाचे विस्मृत अधिष्ठान आहे. तथ्यांचीच विज्ञाने उरली की माणसाच्या जगण्याला अर्थ आहे की नाही हा प्रश्न विज्ञानाच्या कक्षेबाहेर पडतो, आणि मग तो अविवेकाच्या हाती जातो. हे लिहिणाऱ्याच्या दाराबाहेर काय चालले होते ते ध्यानात घेता, हे विवेचन केवळ ज्ञानशास्त्रीय राहत नाही. या काळातील एका टिपणात काटेकोर विज्ञान म्हणून तत्त्वज्ञान हे स्वप्न सरल्याचा उल्लेख आहे. त्याचा पराभवाची कबुली म्हणून वारंवार उपयोग झाला. संदर्भ पाहता तेथे हुसेर्ल समकालीनांचे मत नोंदवीत आहे. त्याचे स्वतःचे काम थांबलेले नव्हते.

१९३७ मध्ये पॅरिसच्या तत्त्वज्ञान परिषदेस जाण्याची परवानगी त्याला नाकारण्यात आली. ऑगस्टमध्ये तो आजारी पडला आणि २७ एप्रिल १९३८ रोजी, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, फ्रायबुर्ग येथे निवर्तला. अंत्यसंस्कारास विद्यापीठातून जवळजवळ कोणी आले नाही. इतिहासकार गेरहार्ड रिटर हा एक अपवाद.

मागे राहिली ती लघुलिपीतील सुमारे ४०,००० पृष्ठे आणि साहाय्यकांनी केलेली त्यांची काही हजार पृष्ठांची लिप्यंतरे. ऑगस्ट १९३८ मध्ये हेर्मान लेओ व्हान ब्रेडा हा बेल्जियन फ्रान्सिस्कन धर्मगुरू प्रबंधाच्या अभ्यासासाठी फ्रायबुर्गला आला. हे भांडार पाहून त्याने ते वाचविण्याचा निश्चय केला. कागदपत्रे बर्लिनमधील बेल्जियन वकिलातीत पोहोचविण्यात आली आणि राजनैतिक संरक्षणाखाली नोव्हेंबरपर्यंत ल्यूव्हेन येथे आली. माल्व्हिने हुसेर्लनेही युद्धाची वर्षे बेल्जियममधील एका मठात लपून काढली. १९५० पासून ल्यूव्हेनच्या हुसेर्ल संग्रहालयातर्फे समग्र लेखनाचे खंड प्रसिद्ध होऊ लागले. हयातीत छापलेल्या मोजक्या ग्रंथांवरून ओळखला जाणारा हुसेर्ल आणि या खंडांतून दिसणारा हुसेर्ल यांत मोठे अंतर आहे. देह, परंपरा, सामाजिकता यांविषयी त्याने काही म्हटले नाही हा जुना आक्षेप आता तसाच टिकत नाही.

६

भारतीय वाचकाला एका प्रश्नाला बगल देता येणार नाही. व्हिएन्नाच्या व्याख्यानात हुसेर्लने शुद्ध ज्ञानासाठी ज्ञान ही वृत्ती ग्रीसमध्ये उदय पावलेली आणि युरोपची विशेष ठेव मानली; भारतीय व चिनी विचार त्याला व्यावहारिक-धार्मिक हेतूंनी बद्ध वाटला. युरोपात पिढ्यान्‌पिढ्या भटकणाऱ्या रोमा लोकांनाही त्याने आपल्या मानसिक युरोपात स्थान दिले नाही. वंशश्रेष्ठत्वाचा बळी ठरलेल्या माणसाने ही रेषा आखावी, हे खटकते. दुसरीकडे, याच माणसाने १९२५ मध्ये बुद्धाच्या प्रवचनांच्या जर्मन अनुवादाचे गौरवपूर्ण परीक्षण लिहिले होते आणि आत्मपरीक्षणाची ती पद्धती आपल्या पद्धतीशी तुलनीय मानली होती. पुढील वर्षी सॉक्रेटीस आणि बुद्ध यांच्यावर त्याने एक टिपणही केले. त्याचा तो धागा पुढे गेला नाही. स्वतःची गृहीते कंसात टाकण्याची पद्धती सांगणाऱ्याचेही एक गृहीत कंसाबाहेर राहिले, असे म्हणावे लागते. तथापि ही टीका करण्याचे साधन त्यानेच आपल्या हाती दिले आहे, हेही तितकेच खरे. भारतीय दर्शने आणि प्रतिभासमीमांसा यांचा मोहंती यांनी घडवून आणलेला संवाद हे त्याचे उदाहरण होय.

हुसेर्लला हवा असलेला निःशंक, अंतिम पाया त्याला सापडला काय? सापडला असे म्हणणे कठीण आहे. त्याच्या बहुतेक शिष्यांनी तो शोधच सोडून दिला. प्रत्येक प्रस्तावनेनंतर त्याने नवी प्रस्तावना लिहिली. उतारवयात आपण खरा आरंभ करणारा ठरावे एवढीच अपेक्षा तो व्यक्त करीत होता. चाकूचे पाते झिजविणाऱ्या मुलाची आठवण येथे पुन्हा होते, परंतु तिचा निष्कर्ष मात्र येथे लागू पडत नाही. पाते नाहीसे झाले नाही. इंगार्डनच्या साहित्यविचारात आणि प्रागची व्याख्याने घडवून आणण्यात सहभागी असलेल्या, पुढे १९७७ मध्ये मानवी हक्कांच्या सनदेपायी पोलिसी चौकशीला सामोरे जाऊन मृत्यू पावलेल्या यान पाटोच्काच्या विचारात त्याची धार टिकून राहिली. आपण ज्यावर उभे आहोत ते एकदा स्वतः पाहिले पाहिजे, दुसऱ्याच्या सांगण्यावरून ते मानता कामा नये, हे उत्तरदायित्व म्हणजे हुसेर्लच्या पद्धतीचे सार. संज्ञा टिपून घेणाऱ्या विद्यार्थ्याला अध्यापकाने निदान एवढे तरी सांगावयास हवे.